थारवर चढलेले ३०० किलो उतरवायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

भीमेचा_गाळ

नमस्कार मंडळी. गाडी थार, तीन दारी, डिझेल, हार्ड टॉप, फोर बाय फोर. सामान बसवण्याआधी वजनकाट्यावर १७७० किलो भरली होती, आता २०७० भरते. दोन्ही वेळा टाकी फुल आणि गाडीत माणूस नाही.

बसवलेलं सामान असं: पुढे लोखंडी बंपर आणि ९५०० पौंडी विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, तारेच्या दोराचं), मागे लोखंडी बंपर आणि त्यावरच स्टेपनीचा फिरता हात, टपावर कॅरिअर, खाली ५ मिमीच्या लोखंडी प्लेटा, २८५/७० आर १७ मड टायर लोखंडी रिमवर पाचही, आणि मागे टूलबॉक्स. टपावर २० लिटरचा डिझेलचा कॅन, उंच जॅक आणि फावडं.

ओढ्याच्या चढाला लो रेंजमध्येही (फोर बाय फोरचे हळू पण जोरदार गीअर) गाडी दमते, आडव्या उतारावर नको इतकी झुकते, नाक खाली बसलंय. फायबरचं बॉनेट, लिथियम बॅटरी, मागच्या सीट कायमच्या काढणं, असे सल्ले मिळालेत. हातात साठ हजार आहेत. ते कुठे घालावेत?

काटा_पावती

मालक, पैसे घालण्याआधी मोजणी पुरी करा. नुसतं एकूण वजन उपयोगाचं नाही, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वेगवेगळं हवं. आधी पूर्ण गाडी काट्यावर, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. पुढची आणि मागची बेरीज एकूण वजनाशी एका-दोन घरांच्या फरकात जुळली पाहिजे (घर म्हणजे काटा दाखवतो तो सर्वांत लहान टप्पा). जुळत नसेल तर काट्याची फळी आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत नाही, दुसरा काटा गाठा. प्रत्येक वेळी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, ब्रेकवरचा पायही काढलेला.

पावतीवर काट्याचं घर किती किलोचं आहे ते बघा. ऊस तोलायच्या मोठ्या काट्यांचं घर १० किंवा २० किलोचं असतं. वीस घरांच्या खालचं वजन त्यावर धरायचं नसतं, म्हणजे २० किलोच्या घरावर ४०० किलोखालचा आकडा ग्राह्य नाही. गाडीच्या एका ॲक्सलवरचं वजन त्याच्या वर असतं, म्हणून ते चालतं. पण ८ किलोचा बंपर बदलून 'किती फरक पडला' हे बघायला गाडी पुन्हा त्या काट्यावर नेली तर काहीच कळणार नाही. सुटे भाग मार्केट यार्डात भुसार मालाला वापरतात त्या फळीकाट्यावर तोला. चाक आडवं ठेवा, त्याच्या खोबणीत अडकलेली माती आधी झाडा.

जुना_गीअर

माझं मत स्पष्ट आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीला हात लावू नका, आपण चढवलं तेवढंच उतरवा. १७७० ची गाडी १७०० करण्यात जीव जाईल आणि दारातल्या आडव्या पट्ट्या, एअरबॅग, इन्सुलेशन अशा नको त्या गोष्टी निघतील. २०७० ची १८८० मात्र आरामात होते.

सुरुवात टपापासून. हिशोब करून बघा. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमी धरला आणि १९० सेंमी उंचीवर ६० किलो ठेवले, तर गुरुत्वमध्य साधारण ४ सेंमी वर सरकतो. डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर दीड मीटर धरलं तर कलंडण्याचा कोन कागदावरच दीड अंशाने कमी होतो. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, टायरची भिंत दबते, गाडी झुकली की टपावरचं वजन आणखी बाहेर जातं. तुम्हाला आडव्या उतारावर जाणवतंय ते हेच.

डिझेलचा कॅन टपावर ठेवण्यात काहीच अर्थ नाही. भरलेला कॅन २० किलोच्या घरात जातो. ५७ लिटरची टाकी आहे. उलट जवळपासच्या फेरीला टाकी अर्धीच ठेवा: २८ लिटर डिझेल म्हणजे जवळपास २४ किलो, बिनखर्चाचे.

भीमेचा_गाळ

सगळं सोडून तोललं. पुढचा बंपर ४६. विंच, दोर आणि रोलरसकट ३९. मागचा बंपर आणि स्टेपनीचा हात ४४. कॅरिअर ३१, त्यावरचं सामान ४४. खालच्या प्लेटा मिळून ३७. चाक ४०.५, मूळ चाक ३० होतं, म्हणजे पाच चाकांचे ५२.५ जास्त. टूलबॉक्स आणि पट्टे २२. एकूण ३१५.५. मूळ बंपर काढले त्यांचे १४ वजा केले की ३०१.५ राहतात.

काटा_पावती

काटा ३०० सांगतो आणि सुटी बेरीज ३०१.५ येते, म्हणजे मोजणी बरोबर झाली. आता पुढे बोलता येईल.

पाटा_यूबोल्ट

पुढच्या टोकाचं वजन असतं त्याहून जास्त लागतं, हे लक्षात घ्या. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २४५० मिमी. बंपर आणि विंच मिळून तुमचे ८५ किलो, साधारण ७०० मिमी पुढच्या ॲक्सलच्या पुढे लटकलेत. तरफेच्या नियमाने पुढच्या ॲक्सलवर १०९ किलो चढतात आणि मागचा २४ किलोने हलका होतो. मागच्या बंपरचंही तसंच, उलट्या दिशेने. म्हणून टोकाचा एक किलो काढणं हे मधल्या एका किलोपेक्षा किमती. टूलबॉक्स ठेवायचाच असेल तर मागच्या दारापासून उचलून पुढच्या सीटच्या पाठीला टेकवा, जमिनीलगत. वजन तेवढंच राहतं, गाडी मात्र सुधारते.

आणि एक विचारतो, पुढे जाड स्प्रिंग टाकल्यात का?

भीमेचा_गाळ

हो, विंच बसवताना पुढच्या टाकल्या. मागच्या मूळच्याच.

पाटा_यूबोल्ट

मग वजन उतरवल्यावर त्या जाड स्प्रिंगच त्रास देतील. चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा रेट, म्हणजे एक मिमी दबायला लागणारा जोर, ३५ न्यूटन प्रति मिमी धरा. दर बाजूला २५ किलो उतरले की पुढचं ७ मिमी वर येतं. जाड स्प्रिंगवर हलकी गाडी खड्ड्यात उडते, चाक जमिनीला चिकटून राहत नाही, आणि तेच चाक हवेत फिरायला लागतं. वजन उतरल्यावर आधी चारही कोपऱ्यांत हबच्या मध्यापासून चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या, मूळ मापाशी ताडा आणि मूळ स्प्रिंग परत टाका. पुढचं सस्पेन्शन डबल विशबोन आहे, उंची बदलली की कॅम्बर आणि टो (चाकाचा उभा कल आणि आत-बाहेरचा रोख) दोन्ही हलतात. अलाइनमेंट शेवटी, सगळं बसल्यावर एकदाच.

हेडलाइटचा झोत विसरू नका. पुढचं ७ मिमी उचललं तर ५० मीटरवर झोत १४ सेंमी वर जातो. रात्री पुणे रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यात.

अर्गॉन_होल्डर

खालच्या प्लेटांबद्दल. ५ मिमी लोखंड म्हणजे चौरस मीटरला ३९ किलो, ३ मिमी म्हणजे साडेतेवीस. ॲल्युमिनियम ६ मिमीला १६ किलो. आकडे बघून सगळं ॲल्युमिनियमचं करायचा मोह होतो, पण थांबा. ॲल्युमिनियमचा ताठपणा लोखंडाच्या एक तृतीयांश. प्लेट वाकण्याला विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून लोखंडाइतकाच ताठपणा हवा तर जाडी साधारण १.४४ पट घ्यावी लागते. ३ मिमी लोखंडाच्या जागी साडेचार मिमी ॲल्युमिनियम. वजन निम्मं होतं. एक तृतीयांश होत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

दुसरं, आपल्याकडचा दगड. काळा बेसाल्ट, कडा धारदार. लोखंडी प्लेट त्यावरून घसरते, ॲल्युमिनियममध्ये दगड चर पाडतो आणि गाडी तिथे अडते. म्हणून माझी विभागणी अशी: इंजिन आणि गीअरबॉक्सखाली ६ मिमी ॲल्युमिनियम, कारण तिथे क्षेत्र मोठं आणि बचत जास्त. डिझेल टाकीखाली आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गीअरडबा) खालच्या कडेला लोखंडच, पण ५ ऐवजी ३ मिमी, कडा दुमडून. दुमडलेली कड सपाट ५ मिमीपेक्षा कमी वाकते.

ॲल्युमिनियमचा माल ५०५२ ग्रेडचा घ्या. ६०६१ टी६ घट्ट कोनात वाकवला की वाकाच्या बाहेरच्या बाजूला बारीक भेगा पडतात, आणि वेल्डच्या शेजारच्या पट्टीत त्याची ताकद निम्म्यावर येते. शक्यतो वेल्ड टाळून वाकवूनच आकार द्या. जिथे वेल्ड लागेल तिथे अर्गॉन, आधी स्टीलच्या नव्या ब्रशने घासून. लोखंडावर वापरलेला ब्रश ॲल्युमिनियमला लावू नका. चासीला जोडताना ८.८ ग्रेडचे बोल्ट, मध्ये नायलॉनचा वॉशर. तो नसला तर पावसाळ्यात दोन धातूंच्या जोडावर पांढरी पूड धरते आणि भोक मोठं होत जातं.

ऑइल काढायच्या प्लगखाली झाकण ठेवा आणि मागच्या कडेला २५ मिमीची निचऱ्याची भोकं. ही भोकं चिखल बाहेर पडायला आहेत, वजन कमी करायला नाहीत. ३ मिमी लोखंडात २५ मिमीचं भोक पाडलं तर साडेअकरा ग्रॅम जातात. वीस भोकं पाडून पाव किलोही होत नाही. चासीला तर एकही नवीन भोक नको, भेग तिथूनच सुरू होते.

रबर_आणि_रिम

माझ्या मते पहिला खर्च चाकांवर. चाकाचं वजन दोनदा मोजावं लागतं: गाडीबरोबर पुढेही ढकलायचं आणि फिरवायचंही. टायरच्या बाहेरच्या कडेवरचा किलो वेग घेताना जवळपास दोन किलोंसारखा वागतो. शिवाय चाक स्प्रिंगच्या खालचं, ते हलकं झालं की खडबडीत वाटेवर सस्पेन्शनला सांभाळणं सोपं जातं आणि ब्रेकवरचा ताणही उतरतो.

आताचा टायर ८३१ मिमी व्यासाचा आहे. कारखान्याचा २५५/६५ आर १८ हा ७८९ चा. म्हणजे तुमचं गीअरिंग सव्वापाच टक्क्यांनी लांबलं. चढाला दमण्यात वजनाइतकाच हा वाटा. २६५/७० आर १७ ऑल टेरेन घ्या, ८०३ मिमी. अलॉय रिमवर पूर्ण चाक ३२-३३ किलोत बसतं, पण पैसे देण्याआधी दुकानातच तोलून घ्या, एकाच मापात कंपनी आणि लोड रेटिंगनुसार चार-पाच किलोंचा फरक असतो. दहा प्लायचा टायर हलक्या गाडीला नको, भिंत ताठ राहते आणि हवा उतरवली तरी पसरत नाही.

बीडलॉकचा (टायर रिमवर बोल्टांनी आवळणारी कडी) विचार असेल तर सोडा. कडी आणि बोल्टांचं वजन पुन्हा चाकाच्या कडेवरच येतं.

काळं_रान

टायरवर माझा विरोध नोंदवतो. मुरूम, माळ, भीमा-सीनेच्या पात्रातली वाळू, इथे ऑल टेरेन ठीक. पण पाऊस पडलेल्या काळ्या मातीत त्याच्या खोबणी पहिल्या दोन फेऱ्यांत बुजतात आणि टायर गुळगुळीत होतो. मड टायर निदान काही काळ माती फेकतो.

रबर_आणि_रिम

मान्य, पण किती काळ? भिजलेली काळी माती मड टायरही बुजवते, फक्त जरा उशिरा. वर्षातले पंधरा दिवस चिखलात जाणार असाल आणि बाकी वर्ष डांबर-मुरूम, तर पंधरा दिवसांसाठी बाकीचे साडेतीनशे दिवस ते ओझं का फिरवायचं? चिखलासाठी हवा उतरवणं हा पहिला उपाय.

आकडा देतो. २०७० किलोला चाकामागे सरासरी ५१७ किलो, १८ पीएसआयला जमिनीवर टेकलेलं क्षेत्र ढोबळ ४०८ चौ. सेंमी. गाडी १८८० वर आली की तेवढंच क्षेत्र सुमारे १६.३ पीएसआयला मिळतं आणि टायरची भिंत पहिल्याइतकीच दबते. म्हणजे जमिनीवरचा दाब नऊ टक्के कमी. १५ च्या खाली गेलात तर चाक वळवताना टायर रिमवरून निघू शकतो. डांबरावर येताच हवा भरा. मे महिन्यातल्या रस्त्यावर कमी हवेचा टायर तापून फाटतो.

काळं_रान

हवेचं पटलं. वजनात मातीही धरा, ते कुणी लिहीत नाही. ओली माती लिटरला १.८ किलोच्या आसपास. प्लेटांच्या वर, चाकांच्या कमानीत, रिमच्या आत मिळून १५ लिटर बसली की २७ किलो झाले, आणि आपल्या उन्हात दोन दिवसांत तिची वीट होते. रिमच्या आत एका बाजूला वाळलेला गोळा राहिला की ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, लोक बॅलन्सिंगला पळतात. आधी चाक काढून आतून बघा. लाकडी पट्टीने खरवडा, पाण्याने भिजवून. स्क्रू-ड्रायव्हरने बॅलन्सची शिशाची पट्टी निघून येते.

आणि पिकाच्या रानात ओल्यात गाडी घालूच नका. चाकाखाली दबलेली माती त्या शेतकऱ्याला पुढच्या पेरणीला भोवते. नान्नजकडचं माळरान रिकामं दिसलं तरी ते माळढोकाचं अभयारण्य आहे, तिकडे तर नाहीच.

शॅकल_सोडा

विंचबद्दल. २८ मीटर तारेचा दोर ९-१० किलो, तेवढाच १० मिमी सिंथेटिक दोर दोन किलोच्या आत. रोलर काढून ॲल्युमिनियमची गुळगुळीत तोंडपट्टी लावली की आणखी तीनएक किलो. एकूण ११ किलो, तेही गाडीच्या अगदी नाकावरचे. दोर तुटला तर तारेसारखा फटकाही मारत नाही, माझ्यासाठी हे वजनापेक्षा मोठं.

काळजी मात्र जास्त. तारेने चरे पाडलेला जुना रोलर सिंथेटिकला कापतो, म्हणून तोंडपट्टी नवीनच. ड्रमवरून बोट फिरवून बघा, बोटाला टोचलं तर तिथे बारीक पॉलिशपेपर. ऊन या दोराचं शत्रू आहे, विंचवर कापडी खोळ हवी. चिखलात वापरल्यावर दोर पूर्ण उलगडून बादलीत धुवा, सावलीत वाळवा. मातीचे कण धाग्यांत राहिले की आतून कापत जातात. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो. भार धरून दोर लांबवर सोडत राहिलं की ड्रम तापतो आणि पहिला थर कडक होऊन चिकटतो.

लोखंडी शॅकलऐवजी (दोर जोडायची कडी) दोराच्या मऊ शॅकल घेतल्या तर प्रत्येकी किलोभर वाचतो. एक लोखंडी ठेवा, धारदार कडेच्या हुकासाठी. उंच जॅक १३ किलोचा आहे आणि मागचा लोखंडी बंपर निघाला की त्याला टेकवायला जागाच राहणार नाही. तो घरी.

अर्गॉन_होल्डर

पुढचा बंपर बदलून मूळ बंपरच्या मागे विंचची छुपी पट्टी करतात, १८-२० किलो वाचतात. पण पट्टी रेडिएटरच्या तोंडावर येणार नाही याची खात्री करा. सोलापुरात ४३-४४ अंशांत लो रेंजला चढताना हवेची प्रत्येक फट लागते. एअरबॅगच्या सेन्सरची जागा आणि बंपरमागची दबणारी पट्टी तशीच राहिली पाहिजे.

जुना_गीअर

बॅटरी, बॉनेट आणि सीटवर थोडक्यात. लिथियम बॅटरी आठ-दहा किलो वाचवते, पण बॉनेटखालच्या उष्णतेत तिचं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) चार्जिंग तोडतं आणि विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या आसपास ओढते, तेही बऱ्याच बॅटऱ्यांचं बीएमएस देत नाही. आपल्या हवेत शिशाचीच ठेवा. फायबर बॉनेटला वरून कुलपाच्या पिना लागतात, नाही तर वेगात उचकटतं. बचत त्रासाच्या मानाने नगण्य. मागच्या सीट फेरीपुरत्या काढायच्या तर काढा, परत लावताना सीट आणि बेल्टचे बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला.

कलम_बावन्न

कायद्याचा भाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. लोखंडी बंपरविरुद्ध कारवाई करा असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं. कलम १८२-अ खाली गाडीमालकाला दर बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे मूळ बंपर, मूळ स्प्रिंग परत लावणं वजनासाठीही बरं आणि कागदासाठीही. दारं, काचा, टप याला हात लावू नका.

भीमेचा_गाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. कॅरिअर आणि त्यावरचं सगळं खाली, आवश्यक १५ किलो आत: ६० वाचले. मागचा बंपर आणि हात काढून मूळ बंपर, स्टेपनी मूळ जागी दारावर: ३७. चाकं: ४०. प्लेटा वरच्या विभागणीप्रमाणे: साधारण १८. दोर आणि तोंडपट्टी: ११. पुढे छुपी पट्टी: १८. टूलबॉक्समधून जास्तीचे पाने आणि साखळी: १०. बेरीज १९४, म्हणजे गाडी १८७६ च्या आसपास. काढलेलं सामान विकून चाकांचा काही खर्च भागेल, साठ हजारांत बाकीचं बसवतो.

पाटा_यूबोल्ट

क्रम बदला. आधी टप आणि मागचा बंपर, त्याला पैसे लागत नाहीत. मग महिनाभर तशीच चालवून ॲक्सलवार तोला, मग चाकं. चाकं येईपर्यंत ४० किलोची स्टेपनी मूळ दारावर टांगू नका, बिजागरी ओघळतात. तोवर ती डिक्कीत आडवी, दोन ठिकाणी पट्ट्याने घट्ट. पुढच्या मूळ स्प्रिंग छुपी पट्टी झाल्यावर.

काटा_पावती

गाळप हंगामात कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरांची रांग असते, तिथे गाडी घालू नका. यार्डातला काटा दुपारी दोन ते चार मोकळा मिळतो. टाकी पहिल्यासारखी फुल, चाकं-प्लेटा धुतलेल्या, आणि प्लेटांचे बोल्ट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून मगच जा. पावतीवर पुढचा-मागचा आकडा पेनाने लिहून इथे टाका.